पर्वातली गोळी

सांगलीच्या दवाखान्यात गेलं की निम्मं गाव भेटतं. म्हणून मी एचआयव्हीचं औषध साताऱ्याहून आणते. मधल्या काळात तिथली समुपदेशक मुलगी फोन करते. पाटणकडची आहे. जीभ गोड, पण पिच्छा सोडत नाही.

पहिल्याच फोनला आमचं वाजलं. म्हणाली, "काकू, रात्री जेवल्यावर गोळी घ्यायची." मी भडकले. "अगं, आम्ही जैन माणसं! दिवस मावळल्यावर पाणी पीत नाही मी, गोळी कसली घेतेय?" वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार. तर म्हणाली, "व्हय की! मग तुमी जेवता कवा, त्ये सांगा." डॉक्टरांना विचारून तिनं गोळी सकाळच्या जेवणावर आणून दिली. तेव्हापासून तिचं ऐकते, कुरकुरत का होईना.

घरात मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. दिवाळीनंतर मालक गेले, तेव्हा तपासणीत माझंही निघालं. मालक काविळीनं गेले, असं आत्यांना सांगितलं होतं. माझी गोळी रक्तदाबाची, असं त्या समजत होत्या.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दरवर्षी आम्ही दोघी दहा दिवस उपवासाला बसायचो. दिवसा एकदा उकळलेलं पाणी, बास. औषध घेतलं की उपवास मोडला. आत्यांचं एकही पर्व आजवर चुकलं नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, त्यांना त्याचा केवढा मान!

मी फोनवर म्हटलं, "दहाच दिवस गं. नंतर घेते नेमानं."

"न्हाई काकू. मधी खंड पडला आन् पुढं औषधच लागू पडंना झालं तर? त्यापरास एकाशन करा की. रोज एकदाच जेवायचं, त्यावर गोळी."

"आणि आत्यांना काय सांगू? बस्तीतल्या बायकांना?"

"कुणाला काय सांगायचं ते तुमचं. मी कुणापाशी बोलणार न्हाई. पर गोळी सोडू नगा, पाया पडते."

बोलायला काय जातंय हिचं, असं म्हणत मी फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं.

आत्या दारात उभ्या होत्या. "कुणाचा गं फोन?"

"दवाखान्यातला. यंदा उपवास जमणार नाही मला, आत्या. गोळी चुकवून चालत नाही."

"रक्तदाबाची तर हाय. बाकीच्या बायका सोडत्यातच की दहा दिवस."

"ही नाही सोडता येत."

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकाला हुतं, त्येच?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. आता आपलं ताट वेगळं होणार, असंच वाटलं मला. आत्या उठून आत गेल्या.

पर्वाच्या पहिल्या सकाळी बस्तीत उपवासाला बसणाऱ्या बायका नेम घ्यायला पुढं झाल्या. मी मागंच राहिले. एकीनं लगेच टोकलं, "काय गं, सासू या वयात बसती आन् तुला झेपंना व्हय?"

आत्या वळल्या. "मीबी बसत न्हाई यंदा. मला झेपत न्हाई. माझ्याकडं बघायला पायजे म्हणून सुनेला मीच थांबवलंय."

सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आत्यांनी माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

त्यांनी दोन ताटं शेजारी शेजारी वाढली. पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "गोळी इसरू नगंस," म्हणाल्या आणि स्वतः जेवायला बसल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून पर्वात त्यांना जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.