दुधाने पुसलेला हॉल

तमाम गृहस्थांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एकाच घरात तीन जातींच्या फरश्या कधीही बसवू नयेत. आम्ही बसवल्या. म्हणजे हौसेने वडिलांनी बसवल्या आणि वैतागून आईने व मी पुसल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या आमच्या घराला पुढच्या बाजूने नवा हॉल काढला होता. मागे स्वयंपाकघरात पूर्वीपासूनची शहाबादी. ती बिचारी सोशिक. सोडा टाका, खराट्याने खरवडा, बादलीभर पाणी ओता, तिची तक्रार नसे. फक्त तिच्या सांध्यांत तांबड्या रश्श्याचा कट जाऊन बसायचा आणि तो काढायला जुना टूथब्रश घेऊन गुडघे टेकावे लागायचे. मधल्या खोलीत मोझॅक. तिला चमक यावी म्हणून पाण्यात झाकणभर रॉकेल घालून पुसायचं. चमक तासभर टिके, वास दिवसभर. आणि आता हॉलमध्ये पांढराशुभ्र मार्बल. बसवणारा मिस्त्री जाताना बजावून गेला होता की याला आंबट नको, ॲसिड नको, रॉकेल तर नकोच. नुसतं साधं पाणी आणि वर कोरडं फडकं. पण इतक्या सोप्या गोष्टीवर माझ्या वडिलांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

तीन फरश्यांची तीन फडकी झाली. वडील हॉलच्या दारात उभे राहून माझ्या हातातलं फडकं हुंगत आणि मगच आत सोडत. घरात कुणी लिंबू कापलं की ते मधल्या दारात आडवे येत. चहाचा कप हॉलमध्ये नेणाऱ्याकडे ते अशा नजरेने बघत की चहा आपोआप गार व्हावा.

या सगळ्याचं मूळ हातकणंगल्यात होतं. तिथे थोरले काका राहायचे. धाकट्या भावाच्या कुठल्याही गोष्टीला बरं म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. वडिलांनी स्कूटर घेतली तेव्हा ते म्हणाले, सायकलीला काय झालं होतं? मी पदवीधर झाले तेव्हा म्हणाले, आता हिला समजावून कोण सांगणार? हे काका वास्तुशांतीला यायचे होते आणि पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना त्यांच्या तोंडून एक, फक्त एक चांगला शब्द ऐकायचा होता. तो मार्बलमुळे निघेल अशी त्यांची खात्री होती.

वास्तुशांतीच्या दिवशी पहाटे ते गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेले आणि तिथून ज्ञान व एक किटली घेऊन आले. ज्ञान असं, की देवळातल्या गाभाऱ्याचा मार्बल झळकतो तो रोजच्या दुधाच्या अभिषेकाने. किटलीत म्हशीचं दूध, बोट बुडवलं तर बोटाला धरून राहणारं. आईने हातातली परात खाली ठेवली.

“अवो, देवळात दुधावर घागरीनं पाणी वतत्यात. ते कुणी सांगितलं न्हाय व्हय तुम्हाला?”

पाण्याने दुधाचा गुण जातो, असं वडील म्हणाले आणि धोतराचा काचा मारून स्वतः पुसायला बसले. आम्हा दोघींना चाळीस माणसांचा स्वयंपाक होता. आम्ही हात टेकले.

दहा वाजेपर्यंत हॉल खरोखर झळकत होता. अकराला वास यायला लागला. मे महिना, पत्र्यासारखं तापलेलं ऊन. दूध काय करणार? साडेअकराला उंबऱ्याखालून मुंग्यांची रांग निघाली आणि गुरुजींच्या पाटाला वळसा घालून शिस्तीत कलशाकडे गेली. मी साखरेच्या डब्याला इतकी वर्षं मुंग्या लागताना बघत होते. आख्ख्या हॉलला लागलेल्या तेव्हाच पाहिल्या. आई ओल्या फडक्याने एक कोपरा पुसायची तोवर वडील दबक्या आवाजात सांगत, राहू दे, चकाकी जाईल.

तेवढ्यात काका आले. एसटीने घामाघूम होऊन आलेले. रिवाजाप्रमाणे मी दारात पायांवर पाणी घातलं. त्यांनी ओला पाय सायीचा लेप बसलेल्या मार्बलवर टाकला आणि मंत्र चालू असतानाच ते गुरुजींच्या शेजारून सरळ घसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. तिथे ते आधी बसले, मग सावकाश आडवे झाले.

मंत्र थांबले. आईने पदर तोंडात धरला, तो भीतीने की कशाने, ते मी तिला कधी विचारलं नाही. वडिलांचा चेहरा मार्बलच्या रंगाचा झाला होता. ते धावले तेही घसरत, आणि भावाच्या डोक्याशी गुडघ्यांवर येऊन थांबले.

काका छताकडे बघत पडून होते. धोतरावर मुंग्या चढत होत्या. त्यांनी दोन्ही तळवे फरशीवर ठेवले, इकडून तिकडे फिरवले, मग पाठ जरा सैल सोडली आणि डोळे मिटून घेतले.

“लई गार हाय की रं ही. उशी दे एक.”