उजव्या बाजूचं काळीज

पंचमीला धाकटी बहीण हदगावहून माहेरी औशाला आली, तेव्हा आईला कुणी सांभाळायचं यावरून आमचं जुंपलं. जाताना म्हणाली, "तुझं काळीज दगडाचं हाय." मीही तोंडाळ. सहा महिने फोन केला नाही.

मग दाजींचा फोन आला. तिला कावीळ झाली होती, नांदेडला आयसीयूत ठेवली होती. आधी सासरच्यांनी तिच्या डोक्यावर काविळीची माळ घातली. माळ उतरत गळ्यात आली, डोळे पिवळे ते पिवळेच. भ्रम होऊन ती चहात पीठ घालायला लागली तेव्हा कुठं दवाखाना आठवला. मी आईला घेऊन नांदेड गाठलं आणि दाजींना नाही नाही ते बोलले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळीज निकामी होत चाललंय." आईनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं. मी छातीवर डावीकडं हात ठेवून म्हटलं, "पण ईसीजी तर चांगला आला म्हणता." त्यांनी माझा हात उचलून उजव्या बरगडीखाली ठेवला. "काळीज हे. लिव्हर. खाटकाकडं कलेजी मिळते ना, ती." आम्ही लिंगायत, कलेजी कधी बघणार? चाळीस वर्षं मी भलत्याच ठिकाणी हात ठेवून शपथा घेत होते.

एकतर तिचं लिव्हर आपोआप उभारी धरेल, नाहीतर हैदराबादला नेऊन दुसऱ्याचा तुकडा बसवायचा. आमचा रक्तगट एकच. मी म्हटलं, माझं घ्या.

"निम्म्याहून जास्त काढतात," बाई म्हणाल्या. "उरलेलं काही महिन्यांत वाढून भरतं. तिच्यातलंही वाढतं."

मी दोनदा विचारलं. पडलेला दात येत नाही, तुटलेलं बोट येत नाही, आणि हे छाटलेल्या शेवग्यागत परत येतं?

दुसऱ्या दिवशी, लिव्हरच्या पेशी मरताना रक्तात वाढतो तो एसजीपीटीचा आकडा धाडकन उतरला. मी औशाला घरी फोन करून "बरी झाली" म्हणून सांगूनही टाकलं. बाई म्हणाल्या, "घाई करू नका. मरायला पेशीच उरल्या नाहीत, तरी तो उतरतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. गोठवणारा माल लिव्हरच बनवतं." तो वेळ तर वाढला होता. मी जीभ चावली.

हैदराबादची ॲम्ब्युलन्स ठरली. माझ्या तपासण्या सुरू झाल्या. आणि चौथ्या सकाळी तो वेळ थोडा कमी आला, संध्याकाळी आणखी कमी. बाई रिपोर्ट धरून उभ्याच राहिल्या.

"वाढून राहिलंय," म्हणाल्या.

ती बेशुद्ध, पोटात अन्न नाही, आणि आत उजवीकडं कुणी न सांगता काम सुरू होतं. मी काचेतून बघत बसले. देवळात कधी इतकी गप्प बसले नव्हते.

हैदराबादला न्यावं लागलं नाही. तिनं मला ओळखलं त्या दिवशी आई म्हणाली, "ही तुला आपलं काळीज द्यायला निघाली होती."

तिनं माझ्याकडं मान वळवली. मग पुटपुटली, "बरं झालं न्हाई दिलंस. दगड कुठं वाढतो का?"

मी तिचा हात ओढून माझ्या उजव्या बरगडीखाली ठेवला. "बघ, हाय का दगड?"

तिनं हात काढला नाही.