केळ्याचा वास

उरवड्याच्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथं खाण्यात घालायचे इसेन्स तयार होतात. मी लॅबमध्ये आहे. त्या शनिवारी केळ्याच्या इसेन्सची बाटली माझ्या हातून निसटली आणि अर्धी कुर्त्यावर सांडली. पाण्यानं धुऊन काही उपयोग नव्हता, तो वास लवकर जात नाही. दुपारी शिफ्ट संपल्यावर तशीच स्कूटरवर बसले आणि भूगावला घरी आले.

आमच्या इमारतीच्या गच्चीखाली आग्या माश्यांची तीन मोठी पोळी होती. ती काढायचं सोसायटीत ठरलं होतं, पण कधी, ते मला माहीत नव्हतं. फाटकावरचे वॉचमन भूगावचेच, साठीचे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मी फाटकातून आत शिरले तेव्हा ते दोन्ही हात हलवत माझ्याकडे धावत येत होते.

"ताई, पळा! वर औषध मारत्यात!"

मी वर बघितलं आणि पहिली माशी पापणीवर डसली. मग कानात, मानेवर, केसांत. ओरडायला तोंड उघडलं तर एक जिभेवर डसली. स्कूटर माझ्या पायावर पडली. मी हातांनी माश्या चिरडत होते आणि जितक्या चिरडत होते तितक्या जास्त येत होत्या. मामांच्या अंगावर तोवर थोड्याच होत्या. त्यांनी स्कूटर उचलली, अंगातलं जाकीट माझ्या डोक्यावर टाकलं आणि दंडाला धरून मला त्यांच्या केबिनपर्यंत ओढत नेलं. तेवढ्या वेळात त्यांचं तोंड काळं झालं होतं. माश्यांनीच.

"मामा, आत या!"

"मी आलो तर समद्या आत येतील. कडी लावा!"

मी कडी लावली. काचेतून दिसत होतं, ते लिफ्टकडच्या दाराकडे पळाले. ते दारही काचेचं. आत पाच-सहा जण उभे होते आणि आमचे सेक्रेटरी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून मागे रेलले होते. मामांनी काचेवर तळहात आपटले. "उघडा, ओ साहेब, उघडा!" दार उघडलं नाही. मामा काचेला घासत खाली बसले, मग आडवे झाले.

मीही माझं दार उघडलं नाही. माझ्यापासून ते वीस पावलांवर होते. माझा हात कडीवर होता, आणि तो तिथंच राहिला.

माश्या कमी व्हायला अर्धा तास लागला. मग लोक हेल्मेट घालून बाहेर आले, मीही कडी काढली. कुणीतरी मामांना चादरीत गुंडाळून गाडीत घातलं. तेवढ्यात फवारणी करणारा जिन्यानं खाली उतरला. चाळिशीचा परप्रांतीय माणूस, दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पाठीवर पंप तसाच. लोकांनी त्याला जिन्यातच धरलं. पहिल्यांदा थप्पड, मग लाथा. एकानं डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर हाणलं.

"मैंने शाम को बोला था! साहब ने दिन में बुलाया!" तो भिंत चाचपडत ओरडत होता.

हे ऐकल्यावर सेक्रेटरी पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. माझी जीभ इतकी सुजली होती की मला "थांबा" म्हणता आलं नाही.

मामा अतिदक्षता विभागात होते. काटे काढता काढता नर्स दमल्या, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. जीव वाचला, पण डाव्या डोळ्याच्या बुबुळात काटा गेला होता. त्या डोळ्यानं त्यांना आता फक्त उजेड कळतो.

चार दिवसांनी कामावर गेले. माझं तोंड बघून लॅबमधल्या सरांनी सगळं विचारून घेतलं. कुर्त्याचं सांगितल्यावर ते म्हणाले, "माशी डसली की तिची नांगी आपल्या कातडीत राहते. त्यातून एक वास सुटतो. बाकीच्या माश्यांना तो सांगतो, शत्रू इथं आहे. त्या वासातलं मुख्य रसायन आणि आपण केळ्याचा म्हणून विकतो ते, एकच."

मी खुर्चीत बसले. सर बोलतच राहिले, बहुतेक मला सावरायला. पूर्वी वेढा पडला की तटावरून शत्रूच्या अंगावर पोळी फेकायचे, हे त्यांनी सांगितलं. अलीकडच्या एका प्रयोगाचंही सांगितलं. माश्यांना जोरात हादरवलं तर त्या पुढचं सगळं वाईटच असणार असं धरून वागतात, अगदी घाबरलेल्या माणसासारख्या. मला मात्र एवढंच ऐकू येत होतं की माश्या मामांपेक्षा आधी माझ्याकडे आल्या होत्या, आणि मामा माझ्याकडे.

सोसायटीच्या सभेत मी हे सगळं सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. सेक्रेटरींनी तेच उचललं.

"ऐकलंत ना? मॅडमच्या कपड्यांमुळे माश्या पिसाळल्या. फवारणीचा संबंध नाही."

"मी आले तेव्हा माश्या उठलेल्याच होत्या," मी म्हणाले. "अंधारात माश्या शांत असतात, मग भर दुपारी त्या माणसाला कुणी बोलावलं? आणि मामांच्या तोंडावर दार कुणी धरलं?"

ते टेबल ढकलून माझ्या अंगावर आले. माझ्या नवऱ्यानं त्यांचा हात धरला, कुणीतरी नवऱ्याची कॉलर धरली, खुर्च्या उडाल्या. एक खुर्ची माझ्या खांद्याला लागली.

मामांना तोवर दवाखान्यातून सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. वासाचं सांगितलं, त्यांनी मान हलवली.

"तुमाला काय ठाव व्हतं? ते सोडा. पन तुमीबी दार उघडलं न्हाई."

"मला भीती वाटली, मामा."

ते उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिले. "व्हय. मला दिसत व्हतं," एवढंच म्हणाले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या पंपवाल्याचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. तिथून उठून मी दवाखाने शोधत फिरले. तो पिरंगुटला एका छोट्या हॉस्पिटलात सापडला. जबडा तारेनं बांधलेला, दातांमधून जेमतेम पुटपुटता येत होतं. तक्रार द्यायला तो घाबरत होता. मी म्हणाले, मी बघितलंय, मी सांगते. पोलीस तिथं आले, आम्ही दोघांनी जबाब दिला आणि त्यानं कागदावर अंगठा उठवला. ज्यांनी मारलं त्या चौघांची नावं मी दिली, सेक्रेटरींसकट. दार कुणी धरलं तेही सांगितलं, आणि माझ्या दाराचंही. पोलिसांनी ते शेवटचं लिहून घेतलं नाही.

चौघांवर गुन्हा दाखल झाला. त्या आठवड्यात कुणीतरी माझ्या स्कूटरची सीट सुरीनं उभी फाडली. लिफ्टमध्ये मी शिरले की लोक बाहेर पडतात. फ्लॅट विकून दुसरीकडे जाऊ, असं नवरा म्हणतो. केस उभी राहीपर्यंत मी हलणार नाही, असं मी त्याला सांगितलंय, आणि यावरून आमची भांडणं होतात.