नर्सरीला सर? अरे देवा!

गोखिवऱ्याच्या एका शाळेच्या बालवाडीत मी शिकवायला लागलो, तर पहिल्याच दिवशी एका आईने मला व्हॅन किती वाजता सुटते विचारलं. दुसरीने पंखा दाखवला, "हा फार आवाज करतो हो, बघा जरा." ड्रायव्हर झालो, इलेक्ट्रिशियन झालो, पण हा पोरांचा टीचर असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बरोबर आहे. पुरुष विमान चालवतो, देश चालवतो. तीन वर्षांच्या पोराचं नाक पुसणं त्याला कुठून झेपणार?

मोठ्या बाईंनी आधीच दम दिलेला. "एका पालकाची जरी तक्रार आली ना, तर तुला पाचवीच्या पीटीला टाकीन." म्हणजे शिट्टी फुंकत उन्हात उभं राहायचं. एकदम मर्दानी काम! मला मात्र हाच वर्ग हवा होता. माझ्या नकलांवर लोळून हसणारं पब्लिक दुसरीकडे कुठे मिळणार?

एक पोरगा रोज गेटला लटकून रडायचा. मी कुकरची शिट्टी काढली, मग कोळीणबाई, मग मांजर. तो गेट सोडून माझ्या मागे आला तो आलाच. हळूहळू स्वतःच नकला करायला लागला.

आणि मग त्याचे पप्पा उगवले. एरवी गाडी चालू ठेवून गेटबाहेरूनच हॉर्न मारणारे, त्या दिवशी मोठ्या बाईंना घेऊन चक्क वर्गात!

"मॅडम, सरांबद्दल पर्सनल काही नाही. पण हा घरी उशा मांडून शिकवत बसतो. मोठेपणी नर्सरीचा टीचर होणार म्हणतो!" चेहरा असा, जसं काही पोराने दारूची भट्टी टाकायची ठरवलीय. "लेडीज टीचर द्या. लेडीजना मुलांचं कळतं."

झाली तक्रार. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात शिट्टी गळ्यात अडकवली.

बाईंनी पोराला विचारलं, "काय रे, घरी काय काय करून दाखवतोस?"

त्याने वॉटरबॅग कानाला लावली, मान खाजवली. "हां बोल भाई... निघालोच, पाच मिनिटं... ए सोन्या, पप्पा कामात आहेत, मम्मीकडे जा!"

दारातल्या मावशी तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. पप्पांनी मान खाजवली. सेम टू सेम.

"मी असा बोलतो?"

पोराने मान डोलावली. पप्पांनी हातातला मोबाईल खिशात टाकला.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच, "सर, ती कुकरची शिट्टी... कशी काढतात?"

मी त्यांना पोराशेजारच्या छोट्या खुर्चीत बसवलं. पीटीची शिट्टी अजून बाईंच्या कपाटातच आहे.