अळणी सुतक

बायको गेली त्या दिवशी स्मशानात तिच्या भावाने मला विचारलं, "भावजी, तुमच्यात अग्नी कोण देतं?"

आमच्यात म्हणजे कुणात? नेपाळातलं गाव मी मिसरूड फुटायच्या आधी सोडलं. कळंबला एका शेटच्या फार्महाऊसवर राखणदार म्हणून लागलो. शेजारच्या भातशेतीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं, तिच्याच भावाच्या जागेत दोन खोल्या बांधल्या. मला वाटायचं, झालो इथला. लोकांना तसं वाटत नव्हतं. ती असेपर्यंत मला ते कळलं नाही, कारण लोक बोलायचे तिच्याशी. मी पिशवी धरून मागे उभा.

"तुम्हीच ठरवा," मी म्हणालो. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून तिच्या भाच्याने अग्नी दिला. मी बाजूला उभा राहिलो, मयताला आलेल्या परक्या माणसासारखा. घरी आल्यावर ते टोचायला लागलं. नवरा मी, आणि तिच्यासाठी मी केलं काय? काही नाही.

मग डोकं खाजवून आठवत बसलो. आजा मेला तेव्हा बापाने पांढरं कापड नेसलं होतं. स्वतःचा भात स्वतः शिजवून खायचा, बिनमिठाचा. आम्हा पोरांना त्याला शिवायची बंदी होती. एवढंच आठवलं. बाकी सगळं धुऊन गेलंय.

कर्जतला जाऊन पांढरं धोतर आणि सदरा घेतला. दुकानातच घालून निघालो. स्टेशनबाहेर ओळखीचा रिक्षावाला, त्याला बातमी माहीत नव्हती. लांबूनच ओरडला, "काय बहादूर! पुढारी झालास काय रं? कुठल्या लग्नाला?" माझं नाव बहादूर नाही, पण ते जाऊ द्या. इकडे पांढरे कपडे म्हातारे रोजच घालतात. मला वाटलं होतं, मला बघून लोक समजतील. कुणालाच काही समजलं नाही. मीच समजावून सांगायला लागलो तर रडू आलं, आणि तो बिचारा रिक्षा चालू करून मला घरापर्यंत सोडून गेला.

घरी येऊन मी स्टोव्ह पेटवला, भात टाकला. तेवढ्यात मेहुण्याची बायको पिठलं-भाकरी घेऊन दारात. इकडे सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, भावकी जेवण आणून देते. हे मला माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यातच नव्हतं.

"भावजी, चूल पेटवली?"

"वहिनी, मला मीठ चालत नाही."

"डागतरानं सांगितलं?"

"नाही. आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात! इतकी वर्सं माज्या हातचं सुकट वरपून खाल्लंत, तवा नाय आठवलं तुमच्यात?" ती ताट ठेवायला पुढे आली.

मी मागे सरलो. "मला शिवू नका."

बस, तिथंच बिनसलं. "बरं. आता आमी इटाळाचे झालो," म्हणाली, आणि ताट घेऊन गेली. मला तिला थांबवायचं होतं. पण थांबवून सांगू काय, तेच कळेना.

संध्याकाळी मेहुणा आला. आत आला नाही, अंगणात उभा राहिला.

"बायको रडतेय माजी घरात. खरं सांगा भावजी, तुमी आता तिकडं जाणार हाय ना? असंल तर सांगा. आमी काय धरून ठेवणार नाय."

हे सगळेच विचारत होते. कधी जाणार? कुठे जाणार मी? एक भाऊ सोडला तर तिकडे कोण ओळखतं मला?

"नाही जात," मी म्हणालो.

"मग दहाव्याला नदीवर आमच्यात बसणार का नाय? आमच्या हातचं चालत नाय तर बसायचं तरी कशाला?"

तो गेला. मी तिथंच बसून राहिलो. तिचं माणूस म्हणावं असं जगात हेच दोघं-तिघं. यांनी तोडलं तर तिचं नाव मी कुणाजवळ काढू? तिच्यासाठी म्हणून केलं आणि तिच्याच लोकांना दुखावून बसलो.

सकाळी मोठ्या भावाला गावी फोन लावला. नेपाळी बोलताना माझी जीभ अडकते. तो बोलत होता, मी मराठीतच हां हां करत होतो. मिठाचं विचारलं तर तो म्हणाला, "अरे, ते आईबापासाठी मुलाने पाळायचं. आपल्या गावात बायकोसाठी नवरा कुठे पाळतो? म्हातारा झालास, नीट खा." म्हणजे तेही चुकलं. इथलंही चुकलं, तिथलंही चुकलं.

फोन ठेवला आणि दारात मेहुण्याची बायको. तोंड फुगलेलंच. ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि लांबूनच आत सरकवलं.

"घ्या. मीठ नाय घातलं. चिमूटभर पण नाय. घरात सगळ्यांना तेच वाढलंय, दोन दोन भांडी कोण करंल? तुमचं मेहुणं तोंड वाकडं करून जेवलं. पोरगं म्हणतंय, आत्या जाताना चव पण घेऊन गेली." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "किती दिवस हाय हे तुमच्यात?"

बिनमिठाची गरज नाही, सोडा ते, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण अख्खं घर अळणी जेवलं होतं. कसं सांगू?

"दहाव्यापर्यंत," मी ठोकून दिलं.

"बरं. मग बसा नदीवर आमच्यातच. नायतर आमचं अळणी फुकट जायचं."

ते पिठलं मातीसारखं लागत होतं. सगळं खाल्लं.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठावर मी त्यांच्यातच बसलो. भटजींनी माझ्याकडे बघून मेहुण्याला विचारलं, "हे कोण?"

"आमचे भावजी. त्यांच्यात सुतकात मीठ खात नायत."

भटजींनी मान डोलावली. "हो, असतं तसं त्यांच्यात," म्हणाले, आणि मला पुढे यायला सांगितलं.