सूचनाबाईंचं वल्हांडण

रविवारची उपासना संपली की माईक सूचनाबाईंच्या हाती यायचा, आणि एकदा आला की तो परत मागायची छाती खुद्द पाळकांचीही नव्हती. कुणाकडे बाळ झालं, कोण आजारी आहे, हॉलचा नळ कुणी उघडा टाकला, सगळं मंडळीला त्यांच्याच तोंडून कळायचं. म्हणून हे नाव. आयुष्यभर त्यांनी इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. आवाज असा, की पलीकडे रडणारा माणूसही आधी नीट पत्ता सांगायचा. निवृत्तीनंतर बोर्ड सुटला, बोलणं काही सुटलं नाही.

त्यांच्या समोरच्या दारात चष्मेवाल्या वहिनी राहायच्या. नवऱ्यामागे चष्म्याचं दुकान त्यांनीच चालवलं. वहिनी यहूदी, सूचनाबाई ख्रिस्ती. पण वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सूचनाबाईंनी त्यांना रोज आंघोळ घातली होती, इतकं सख्य. धर्माचा विषय मात्र सूचनाबाईंनी कधी काढला नाही. त्याला त्या समजूतदारपणा म्हणायच्या. खरं सांगायचं तर त्यांना वाटायचं, विचारायचं काय त्यात? त्यांचं शास्त्र म्हणजे आपलाच जुना करार, तो तर आपल्याला पाठ आहे.

त्या वर्षी नवे पाळक आले. आल्या आल्या उपदेशात म्हणाले, "यहूदी लोकांविषयी आपल्या चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या वाईट बोललं गेलंय. आता त्यांना समजून घेऊ या." झालं! सूचनाबाईंनी कंबर कसली. मिसर देशातल्या गुलामीतून सुटका झाली त्याची आठवण म्हणून यहूदी लोक घरोघरी वल्हांडणाचं जेवण करतात. ते आपण हॉलमध्ये करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. कुठूनशी एक छापील पुस्तिका मागवली. बायकांनी बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता करायच्या, भाकरी भाजल्या, आणि चांगल्या फुगाव्यात म्हणून एकीने त्यात चिमूटभर सोडाही घातला. मानाच्या पाहुण्या अर्थात वहिनी. आमंत्रण ऐकून वहिनींचा चेहरा असा खुलला, की बघत राहावं. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

सूचनाबाई पुस्तिका वाचू लागल्या. "या तीन भाकरी म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मधली मोडायची, कारण पुत्राचं शरीर आपल्यासाठी मोडलं गेलं." वहिनींच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला आणि हात पुसले. मग पेला, मग कडू पाला, एकेका पदार्थात प्रभु येशू सापडत गेला. पुस्तिका संपली, तरी सूचनाबाईंचं पोट भरलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या म्हणाल्या, "ज्यांनी हे जेवण हजारो वर्षं सांभाळलं त्यांना त्याचा अर्थ कधी कळला नाही. तो आज आपल्याला कळला." टाळ्या पडल्या. पाळकांनीही वाजवल्या. वहिनींना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मांडणी सुंदर आहे," आणि खाली बसल्या.

त्यानंतर वहिनी जिन्यात भेटल्या तर मान हलवायच्या, पण संध्याकाळी चहाला हाक येईना. सूचनाबाईंना आधी रागच आला. एवढा मान दिला, त्याचं हे फळ! मग राग ओसरला आणि मन खायला लागलं. शेवटी एकदा त्यांनी वहिनींना जिन्यातच गाठलं.

"वहिनी, माझं काही चुकलं का?"

"दमलेय हो ताई."

"नाही, सांगाच."

वहिनींनी पिशवी पायरीवर ठेवली. "ताई, ते आमच्या घरचं जेवण आहे. माझी आई मांडायची. त्यात काय असतं, का असतं, हे मला एकदा तरी विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला? शेजारी बसवलंत आणि चारचौघांत सांगितलंत, की आम्हाला काही कळलंच नाही."

"अहो, मनात तसं नव्हतं माझ्या. पाळक म्हणाले समजून घेऊ, म्हणून मी पुस्तिका आणली, त्यात जे होतं ते..."

"बघा. आत्ताही तुम्हीच बोलताय."

बोर्डावरच्या सगळ्या नोकरीत कुणी सूचनाबाईंना असं गप्प केलं नव्हतं.

"त्या जेवणानंतर आम्ही घराचं दार उघडतो," वहिनी म्हणाल्या. "एलिया संदेष्टा येईल म्हणून. माझे आजोबा परदेशात होते तेव्हा ते भीत भीत उघडायचे. त्याच दिवसांत चर्चमध्ये येशूच्या मरणावर उपदेश व्हायचे, आणि ते ऐकून बाहेर पडलेले लोक आमच्या आळीवर दगड घेऊन यायचे. मी म्हणायचे, आपल्याला कसली भीती? आपल्या समोर ताई आहेत. आणि तुम्ही दरवर्षी त्या रात्री चर्चच्या गाण्याच्या सरावाहून येता आणि आमचं उघडं दार बाहेरून ओढून घेता."

ओढून घेत होत्या खऱ्याच. वहिनी विसराळू, एखादा चोर शिरायचा, म्हणून. शेजारधर्म पाळला या समाधानात त्या रात्री त्यांना झोपही छान लागायची.

"मग बोलला का नाहीत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आधी हसू यायचं. मग वाट बघत राहिले, कधीतरी विचारतील, दार का उघडं म्हणून." वहिनींनी पिशवी उचलली. "आता थोडे दिवस माझ्याकडे येऊ नका, ताई."

सूचनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगड मारणारे दुसरे, आपण त्यांतल्या नव्हे, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही.

रविवारी पाळकांनी माईक देताना कानात सांगितलं, "पुढच्या वर्षी आणखी मोठं जेवण करू. जाहीर करून टाका." सूचनाबाई उभ्या राहिल्या. "पुढच्या वर्षी हॉलमध्ये वल्हांडण होणार नाही," त्या म्हणाल्या. पाळक चमकले. मग सूचनाबाईंनी जेवणाच्या दिवशीचं, अर्थ न कळल्याचं, आपलंच ते वाक्य, एकही शब्द न बदलता, पुन्हा म्हणून दाखवलं आणि ते बोलल्याची आपल्याला लाज वाटते असं सांगितलं. दाराचंही सांगितलं. पाळकांनी मान खाली घातली. टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.

बाहेर पडताना सोडा घालणारी बाई जवळ आली. "कशाला एवढं मनाला लावून घेता? करायला गेलात ते चांगलंच ना? वहिनींना कुठे काही वाटलं असेल!"

"वाटलं," सूचनाबाई म्हणाल्या. "त्यांनी भाकर खाली ठेवली तेव्हाच मी बघितलं होतं. बघितलं, आणि पुढे वाचत राहिले."