कोवलमच्या वाटेवर दोन नंबरचा सिलेंडर

पेरुंगुडीहून निघाले तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझी एकटीचीच गाडी उरली होती. आयुधपूजा (आपली खंडेनवमी), ऑफिसला सुट्टी, सगळे आपापल्या गावी. मला नाशिकचं तिकीटच मिळालं नव्हतं. दोन दिवसांत मी बोलले ती फक्त वॉचमनशी, तेही पाण्याचा पाइप मागायला. गाडी धुतली, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा, बाबा घरी जीप धुवायचे तशीच. हार घातला, गंध लावलं आणि म्हटलं, चला, आपण दोघी इथून जवळच्या कोवलमला मासे खाऊ. दोघी म्हणजे मी आणि गाडी.

गाडी सेकंडहँड, आठ महिन्यांपूर्वी घेतलेली. घेताना बाबांनी अट घातली होती, "एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना, की विकायची. तिथे तुझ्या मदतीला कोण येणारे?" मी हो म्हटलं होतं.

समुद्राकाठचा रस्ता काय सुंदर आहे म्हणून सांगू. बसगाड्यांना केळीचे खांब बांधलेले, डावीकडे झाडांच्या फटीतून मध्येच निळं पाणी. कोणाला तरी दाखवावं म्हणून मान वळवली, बाजूची सीट रिकामी. आणि कोवलम अगदी जवळ आलं तेव्हा गाडीला उचक्या लागल्या. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि ती थांबलीच.

मी स्कॅनर बाळगते, काडेपेटीएवढा. स्टिअरिंगखाली खोचला की बिघाडाचा कोड मोबाइलवर येतो. आला, पी ०३०२. दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाहीये. एवढं कळलं, पुढे काय ते नाही. बाबांचा नंबर काढला आणि परत ठेवला.

पन्नास पावलांवर गॅरेज होतं. पांढऱ्या वेष्टीतले (लुंगी नेसतात तसं धोतर) अण्णा, म्हणजे तिथले मेकॅनिक, दारात बसले होते. मागे सगळे पाने चंदन-कुंकू लावून देवापुढे ओळीने मांडलेले.

"आज त्यांना सुट्टी मा," अण्णा मोडक्या हिंदीत म्हणाले. "उद्या उचलणार."

"अण्णा, हातानेच बघा ना जरा."

"माझे हातपण हत्यारच आहेत." मग माझ्या मोबाइलकडे बघून हसले. "इंजिन धुतलं? पाइपने? दर आयुधपूजेला दोन-तीन येतात अशा. तुमचा पाना देवापुढे ठेवलाय?"

"नाही, डिकीत आहे."

"मग तुम्हीच करा. मी फक्त बोलतो."

इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी पोरी (चुरमुरे) आणि डाळं दिलं. मासे राहिलेच. मग ते गाडीजवळ खुर्ची टाकून सांगत गेले, मी करत गेले. वायरचं टोक काढलं, एक बोल्ट सोडला, ठिणगी पाडणारी कॉइल वर ओढली.

"हळू मा, दात नाही उपटायचाय."

खाली प्लगच्या खड्ड्यात चक्क पाणी. काडीला फडकं गुंडाळून टिपलं, उन्हात वाळू दिलं, परत बसवलं. कोड पुसला. चावी फिरवली. इंजिन एकसारखं चालायला लागलं, आणि कोड परत आला नाही.

निघताना अण्णांनी पूजेतला एक कोहळा बाजूच्या सीटवर ठेवला. "घरी जाऊन गाडीसमोर फोडा, दृष्ट जाते." गाडी हलली आणि टिंगटिंग सुरू झालं. सीटबेल्टचं. गाडीला वाटलं, कोणीतरी बसलंय. मी कोहळ्याला बेल्ट लावला. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच ओढला गेला.

पार्किंग अजून रिकामंच होतं. गाडीत बसूनच बाबांना फोन लावला.

"बाबा, गाडी बंद पडली होती. मी इंजिन धुतलं होतं, तुमच्यासारखं."

"अगं, आपली जीप डिझेलची होती. तिला ठिणगीचे प्लगच नव्हते. आणि तुला ते शिकवलं कोणी, मीच." मग विचारलं, "सुरू कोणी केली?"

"मी."

"सोबत कोणी होतं?"

मी बाजूला बघितलं. "येताना होतं."

"बरं," बाबा म्हणाले. "राहू दे गाडी."

प्रवास म्हणाल तर जेमतेम तासाभराचा. पण जाताना दाखवायला कोणी नव्हतं, येताना मी कोहळ्याला समुद्र दाखवत आले. तो काही मी फोडला नाही. अजून तिथेच बसलाय, बेल्ट लावून.